दोघांचं काम

“सुटली गाडी!” म्हातारबुवांनी आरोळी ठोकली आणि ड्रिलचं बटण दाबलं.

ड्रिलच्या तोंडात बरमा नव्हता. टंगस्टनची कांडी होती, काडेपेटीतल्या काडीएवढी बारीक आणि वीतभर लांब. ती गरगर फिरू लागली. सुनेने हिऱ्याची कणी बसवलेली चपटी कानस तिच्यावर अलगद टेकवली आणि टोकाच्या दिशेने ओढायला सुरुवात केली. एक नाजूक, एकसारखा सूर निघाला. दोघांनीही नाकातोंडाला फडकं बांधलं होतं. नुसते डोळे दिसत होते. दारातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात राखाडी धूळ तरंगत होती, आणि त्या धुळीपलीकडचा रस्ता, समोरच्या गच्च्या, वाळत घातलेले कपडे असं सगळंच जरा लांब गेल्यासारखं वाटत होतं.

“बाबा, हळू. पुढे वळण आहे.”

“मला गाडी शिकवू नकोस. उभा जन्म बस हाकली मी.”

सून हसली. कांडीला पेन्सिलीसारखं टोक येत चाललं होतं. वेल्डिंगची ज्योत त्या टोकापासून निघते. टोक अणकुचीदार असलं तर ज्योत सुतासारखी सरळ जाते. तेच वितळलेल्या पत्र्याला चुकून टेकलं, की त्यावर गोळी जमते आणि ज्योत वाट फुटेल तिकडे भरकटते. मग टोक पुन्हा नव्याने काढावं लागतं. त्यासाठी खास यंत्र मिळतं, पण ते त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. ड्रिल आणि कानस घरचीच होती.

वेल्डिंगचं हे दुकान म्हातारबुवांच्या मुलाचं. तो गेला आणि दुकान सुनेच्या गळ्यात पडलं. काम ती त्याच्याजवळच शिकली होती, त्यामुळे हात थांबले नाहीत. म्हातारबुवा मात्र वरच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून बसले ते बसलेच. ताट समोर आलं तर जेवायचे, नाही आलं तर विचारायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही. तेच तर अवघड होतं.

एका दुपारी सुनेने जिन्याखालून हाक मारली, “बाबा, जरा खाली येता का? मला दोनच हात आहेत!”

ते आले. कुरकुरत, कठड्याला धरत, पायरी पायरी करत. तिने त्यांच्या हातात ड्रिल दिलं.

“एकाने फिरवायचं, एकाने घासायचं,” ती म्हणाली. “हे दोघांचं काम आहे.”

ती चक्क थाप होती. नवरा असताना कांड्यांची टोकं तीच काढायची, आणि एकटीच काढायची. म्हातारबुवांनी ड्रिल उलटंपालटं करून पाहिलं. “हं,” म्हणाले, आणि बटण दाबलं.

तेव्हापासून रोजचा नेम पडला. कधी कधी टोक बिघडायचंच नाही. मग ती ते मुद्दाम वितळलेल्या पत्र्यात बुडवायची आणि जिन्याशी जाऊन हाक मारायची. हळूहळू म्हातारबुवांची दाढी वेळेवर होऊ लागली. भाजीत मीठ कमी आहे, असंही एकदा ते म्हणाले. तिला इतका आनंद झाला, की तिने त्या भाजीत दुप्पट मीठ घातलं. कांडी फिरत असताना ते बसमधल्या गमती सांगायचे. तिकीट चुकवायला झोपेचं सोंग घेणारे, थांबा गेल्यावर खडबडून जागे होणारे. ती फडक्याआड खुदुखुदु हसायची.

मग ते वर जायचे आणि ती काळ्या काचेचा टोप चढवायची. आतल्या हिरव्या अंधारात एक इवला तारा उगवायचा आणि त्याच्यापुढे धातूचं लकाकतं तळं सरकत राहायचं. तिथे कोणी काही विचारत नसे. तिला बरं वाटायचं. इतकं बरं, की काम संपलं तरी टोप काढायचं तिच्या लक्षात राहत नसे.

आज टोक निघतंय न निघतंय तोच दूधवाला स्टीलचा कॅन घेऊन आला. कॅनच्या जोडातून दूध झिरपत होतं. सुनेने मान हलवली, जोडावरून बोट फिरवलं आणि गॅसची टाकी सोडायला मागच्या खोलीत गेली.

दूधवाला गप्प बसणाऱ्यातला नव्हता.

“काका, या वयात हात कशाला अवघडून घेता? मी कारखान्यात होतो ना, तिथे आम्ही ड्रिल सरळ टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळायचो. हे बटण असं अडकवलं, की ते आपलं आपण फिरत राहतं. एकटा माणूस पुरे. सूनबाईंना सांगा.”

आत तिचा हात टाकीच्या चावीवरच थबकला. आता ते ड्रिल खाली ठेवणार. जिना चढणार. खुर्ची खिडकीशी ओढणार. तिने घाईघाईने दुसरी थाप शोधली, पण ऐन वेळी एकही सुचेना.

बाहेर टेबलावर ड्रिल ठेवल्याचा आवाज आला. आणि मग म्हातारबुवांचा, त्यांना जमेल तितका खाली आणलेला, तरीही भिंतीपलीकडे सहज पोचणारा आवाज.

“अहो, हळू बोला! ते मला पहिल्याच दिवशी कळलंय. हे गुडघे काय हौसेने जिना उतरतात? मी खाली आलो नाही, तर ही पोर दिवसभर कोणाशी चकार शब्द बोलत नाही.”