मानेवरचा गोचीड

महादेवी बंड्याच्या कानामागचे गोचीड उपटून मिठाच्या पाण्यात टाकत होती. कुत्रं रोज तिच्या पोराच्या समाधीपाशी, वाढलेल्या गवतात जाऊन बसायचं आणि तिथूनच गोचीड घेऊन यायचं.

"बांधून ठेव त्याला," नवरा खेकसला. पोराला माती देऊन आल्यावर, पुन्हा तिकडं पाय ठेवणार नाही म्हणाला होता. घरात पोराचं नाव काढू देत नव्हता आणि कुत्र्यालाही जवळ फिरकू देत नव्हता.

"बांधलं तर पोराजवळ कोण बसंल?"

नवरा मान खाजवू लागला. तिनं उठून त्याच्या सदऱ्याची कॉलर खाली सारली. रक्त पिऊन टम्म फुगलेला गोचीड चिकटला होता, दोन-तीन दिवसांचा तरी.

तिनं तो अलगद उपटून वाटीत टाकला. हात मात्र त्याच्या मानेवरच राहिला.

"उद्या तिकडं जाताना मलाबी हाक मारा," ती म्हणाली.