मेच्या पहिल्या सकाळचा विस्तव

सॅबिनाने चुलीतली राख चिमट्याने उकरली, मग हाताने उकरली, मग गुडघ्यांवर बसून फुंकली. राख उडून केसांत गेली. निखारा काही हाती लागला नाही.

आयर्लंडमधल्या कॉनेमारातल्या त्या घरचा विस्तव म्हणे दोनशे वर्षं विझला नव्हता. जमीनदाराने घराबाहेर काढलं तेव्हा सासऱ्यांच्या आज्याने तो भर पावसात टोपीखाली धरून डोंगर ओलांडला. टोपी जळाली, टाळू जळाली, विस्तव शाबूत. सासूबाई ऑनोरा ही गोष्ट रोज सांगत आणि शेवटी सुनेकडे बघून म्हणत, जिच्या हातून हा विझेल तिने आपली ट्रंक उचलावी.

सॅबिना गॉलवे शहरातली, कोळसा जाळणाऱ्या घरातली. दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटच्या विटांतली एक, रात्रभर निखारा टिकावा म्हणून राखेत पुरायला, तिने नेमकी वरच्या थरातली घेतली होती, तांबूस आणि हलकी. उजाडेपर्यंत ती वीट जळून राख झाली. काडीपेटी सासूबाईंच्या खिशात, आणि सासूबाई सॅबिनाच्या नवऱ्याला घेऊन चर्चमध्ये.

ती लोखंडी भांडं घेऊन शेजारी धावली. शेजारणीने दार अर्धंच उघडलं. मेच्या पहिल्या दिवशी घरातला विस्तव बाहेर दिला की वर्षाचं लोणी त्याच्यामागे चालतं होतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आज खुद्द पोप दारात आला तरी ठिणगी मिळायची नाही, असं सांगून तिने दार लावलं. पुढच्या घरात तर कुणी दारच उघडलं नाही.

सॅबिना परतली. दारात गेली, चुलीशी आली, पुन्हा दारात गेली. चर्चची घंटा वाजून थांबली होती. आता माणसं रस्त्याला लागणार.

रस्त्यावरून म्हातारा फेस्टी येत होता. तोंडात पाइप, पाइपातून धूर.

तिने त्याला बाहीला धरूनच आत आणलं. फेस्टीने थंड चूल पाहिली, तिचं काळं नाक पाहिलं आणि पाइप वाळक्या शेवाळावर उलटा केला. ती फुंकत राहिली. शेवाळ लाल झालं.

"पण तुमचं लोणी, फेस्टीकाका?"

"माझ्या बापापासून आमच्या दाराशी गाय टिकलेली नाही, पोरी. लोणी कसलं जातंय?" असं म्हणून तो रिकामा पाइप चोखत निघून गेला.

ऑनोरा घरात आल्या तेव्हा चूल ढणढणत होती. त्या उंबऱ्यातच थबकल्या. नाकपुड्या हलल्या. सॅबिनाने ओले हात पुसावे तसे कोरडेच हात एप्रनला पुसले आणि कोपऱ्यातल्या ट्रंकेकडे पाहिलं.

सासूबाईंनी शाल खुंटीला टांगली. ढिगाच्या तळातून एक काळी, जड वीट काढून सुनेच्या हातात दिली. "रात्री ही पुरायची."

मग चुलीपुढे बसून त्यांनी तळवे शेकले.

"फेस्टीच्या बापाची तंबाखू बरी होती," त्या म्हणाल्या. "इतका वास यायचा नाही."