उरलेल्या चार फेऱ्या

२००९ साली आम्ही दोघं क्रूझवर गेलो. तिसऱ्या दिवशी दुपारी ह्यांच्या छातीत कळ आली. "बंदर सकाळी येईल, तोवर वाट बघू," म्हणत जहाजाच्या डॉक्टरांनी मला दवाखान्याबाहेर काढलं.

ह्यांच्यासाठी देवाला एकवीस प्रदक्षिणा बोलले; देऊळ नाही, तर जहाजालाच घालायच्या ठरवल्या, पण चालायला सलग जागाच मिळेना. वर सगळीकडे आरामखुर्च्या, पुढच्या टोकाला दोरी. शेवटी लाइफबोटींखालून जहाजाला पूर्ण वळसा घालणारी मोकळी वाट सापडली, तर तिथले सगळे समोरून अंगावर येऊ लागले.

"मावशी, उलट्या चालताय. पाटी वाचा," हर्णैचा खलाशी शफी मुकादम म्हणाला.

"उलटे हे सगळे चालताहेत! देवाला असंच फिरतात. माझा माणूस खाली मरणाच्या दारात आहे रे."

तो मुकाट्याने पुढे होऊन लोकांना बाजूला करू लागला.

सतरावी फेरी पुरी झाली आणि दवाखान्यातून बोलावणं आलं. "अजून चार राहिल्यात रे, नवस अर्धा टाकून कशी जाऊ?"

"जा मावशी, उरलेल्या मी घालतो."

हे त्यानंतर सात वर्षं जगले. शफी निवृत्त होऊन हर्णैला परतला. हे गेल्याचं मी फोनवर कळवलं, तेव्हा तो म्हणाला, "मावशी, तेव्हा चारही घातल्या होत्या हो मी."