यिक्केसाठी नर

जीव जन्माला यावा अशी इच्छा धरणे हा दोष नव्हे. परंतु त्या जीवाच्या वाट्याला येणारे दुःख आधीच ठाऊक असताना ती धरली, तर तिचे उत्तर कोणाला तरी द्यावे लागते. आसेन गावच्या क्रीडागृहात भरलेल्या सापांच्या बाजारात, ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी, ते उत्तर देण्याची पाळी आल्चेवर आली.

साप विकणाऱ्या लामर्टच्या टेबलापाशी ती येऊन उभी राहिली, तेव्हा त्याने हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला.

"वहिनी! तुम्ही, आणि सापांच्या बाजारात? तुम्हाला तर बागेतलं गांडूळसुद्धा चालत नव्हतं."

"हार्मेन होता तोवर नव्हतं चालत," आल्चे म्हणाली. "यिक्केला नर हवाय. जवळ शंभर युरो आहेत. महागडे दाखवून माझा वेळ घेऊ नकोस."

यिक्के ही तिच्या दिवंगत पतीची, हार्मेनची, लाडकी मादी. भ्याली की चेंडूसारखी वेटोळून बसणारी, ज्यांना बॉल पायथन म्हणतात त्या जातीची. तिच्या रक्तात शुभ्र रंग दडलेला होता. तो पिल्लांत उतरायचा, तर नराच्या रक्तातही असावा लागे. ती पांढरी पिल्ले पाहण्यासाठी हार्मेनने तिला चार वर्षे निगुतीने वाढवले, आणि 'मनासारखा नर मिळत नाही' असे म्हणता म्हणता एप्रिलमध्ये तो गेला. आल्चेला त्र्याहत्तरावे चालू होते. या वयात पुढच्या हंगामाचा भरवसा कोणी धरत नाही.

टेबलावरच्या डब्यांतील नर तीनशेच्या पुढचे होते. लामर्टने इकडेतिकडे पाहिले, टेबलावरून लोंबणारे कापड उचलले आणि खालून एक डबा काढला.

"हा घ्या. सत्तर. रक्त तेच. या नक्षीची फॅशन जुनी झाली, म्हणून कोणी विचारत नाही, एवढंच."

झाकण निघाले. साप देखणा होता. मधाच्या रंगावर काळ्या रेषांचे बारीक जाळे. त्याने डोके उचलले, पण ते सरळ राहीना. मान सावकाश पिळत गेली, डोके उलटे झाले, आणि त्याची दृष्टी आल्चेच्या डाव्या खांद्यावरून मागे, वर कोठेतरी जाऊन ठरली. एखाद्या उंच माणसाचा चेहरा जेथे असावा, तेथे. तिने वळून पाहिले. मागे कोणी नव्हते.

"हा काय करतोय?"

"काही नाही हो. या नक्षीबरोबर जन्मतःच येतं तेवढं. असे साप बाजारवाले टेबलावर मांडू देत नाहीत, म्हणून खाली ठेवला."

"त्याचं कार्ड दे."

सापाबरोबर त्याचे कार्ड जावे, असा या लोकांचा रिवाज आहे. मालक बदलतो, डबा बदलतो. कार्ड तेच राहते. केव्हा खाल्ले, केव्हा नाकारले, कात केव्हा टाकली, सारे त्यावर लिहिलेले असते. ते पुढे करताना लामर्टचा हात किंचित आखडला.

अक्षर हार्मेनचे होते.

'उंदरावर झेपावला. चुकला.' 'पुन्हा चुकला.' 'हाताने भरवले.' गेल्या पानगळीपासून मार्चपर्यंत अशाच ओळी. त्याच्या हयातीत आल्चेने सापांच्या खोलीत कधी पाऊल टाकले नव्हते, आणि संध्याकाळभर तो तेथे काय करीत बसतो, हेही कधी विचारले नव्हते. शेवटच्या ओळीवर किमतीची चिठ्ठी चिकटवलेली होती. ती तिने नखाने सोलली.

'याची जोड लावू नये. यिक्केशीसुद्धा नाही.'

"त्यानंच आणून दिला होता," लामर्ट म्हणाला. "मार्चमध्ये. नुसता सांभाळ म्हणाला."

"आणि तू?"

"माझं दुकान आहे, वहिनी. पांजरपोळ नाही." मग त्याने आवाज खाली आणला. "हे बघा, निम्मी पिल्लं धडधाकट निघतील. एखादं पांढरंशुभ्रही निघेल. हार्मेन त्याचीच तर वाट बघत होता ना?"

"आणि उरलेली निम्मी?"

लामर्टने सापाकडे पाहिले. साप अजून तिच्या खांद्यामागेच पाहत होता.

आल्चेने पर्स उघडली, सत्तर युरो काढून टेबलावर ठेवले.

"नेतेय मी याला. जोडीसाठी नाही. मी नाही नेला, तर दुपारपर्यंत दुसरं कोणी नेईल, आणि त्याला तू हेच सांगशील."

"अहो, पण मग यिक्केचं काय? तिचे हेच दिवस आहेत."

"तिला मी सांगेन."

त्याने साप सुती पिशवीत घातला, गाठ मारली, आणि पैशांना हात न लावता पिशवी तिच्या हाती दिली. आल्चेने ती कोटाच्या आत, पोटाशी धरली. कारण बाहेर हवा गार होती, आणि या जीवांना स्वतःची ऊब नसते. बसथांब्यावर ती पुष्कळ वेळ उभी होती. पोटाशी धरलेला भार प्रथम थंड लागला, मग हळूहळू तिच्याइतकाच उबदार झाला. ते डोके तेवढे तिच्या बरगड्यांवर सावकाश फिरत राहिले, इकडून तिकडे, पुन्हा इकडे.

जे जन्मले, त्यांना ऊब लाभो. जे आता जन्मणार नाहीत, त्यांना शांती लाभो. आणि ज्याने एकट्याने 'नको' म्हटले आणि ते कोणाला सांगितले नाही, त्यालाही विसावा मिळो.