अंतर्गत बाब

"त्रेसष्ट," स्तेरयिओस म्हणाला आणि संगणकाचा पडदा त्याने आपल्याकडे फिरवून घेतला. "एकूण त्रेसष्ट जणांनी उघडली ती यादी."

काउंटरच्या अलीकडे एव्हान्थिया उभी होती. गणित, तिसरं वर्ष. बसायला खुर्ची होती, पण ती बसली नव्हती.

काल तोंडी परीक्षेला चाळीस मुलांसमोर प्राध्यापक हसून म्हणाले होते, "हिला जरा सोपं विचारू या. हिची तब्येत नाजूक आहे, नाही का?" मागच्या बाकांवर कोणीतरी खुसखुसलं होतं. आपल्या आजारपणाबद्दल तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. परीक्षेत जादा वेळ मिळावा म्हणून फक्त एक अर्ज भरला होता. त्यात 'कारण' असा रकाना होता, आणि तिने कारण खरं लिहिलं होतं.

त्या सगळ्या अर्जांची यादी विद्यापीठाने 'अंतर्गत' या वर्गात ठेवली होती. खुली, अंतर्गत, गोपनीय, अतिगोपनीय, असे चार वर्ग. अंतर्गत म्हणजे ज्याच्याकडे विद्यापीठाचा पासवर्ड आहे, त्या कोणीही वाचावं.

"चूक झाली, मान्य आहे," स्तेरयिओस म्हणाला. माहिती विभागाचा तो प्रमुख. "पण आज सकाळीच यादी गोपनीय वर्गात टाकली. आता कोणाला दिसणार नाही."

"ज्यांनी वाचली, त्यांच्या डोक्यातून कशी काढणार?"

"हे बघ पोरी..."

"पोरी नका म्हणू. नावं द्या मला त्या त्रेसष्ट जणांची."

"ती देता येत नाहीत. कोणी कधी काय उघडलं, ही ज्याची त्याची खासगी माहिती झाली. अथेन्सच्या मंत्रालयातून नियमच तसे आलेत. ती नोंद अतिगोपनीय आहे."

एव्हान्थिया काउंटरवर वाकली.

"म्हणजे माझं आजारपण अंतर्गत. आणि त्यांचं डोकावणं अतिगोपनीय."

"वर्ग मी ठरवत नाही. समिती ठरवते."

"समितीत कोण असतं?"

स्तेरयिओसने टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. "इतरही आहेत. मीही आहे."

पलीकडच्या टेबलाशी कारकून पोलिक्सेनीबाई बसल्या होत्या. बावीस वर्षं त्याच खुर्चीत. त्यांनी मान वर केली नाही.

एव्हान्थियाने प्रिंटरमधला एक कोरा कागद ओढला, काउंटरवरचा जाड पेन उचलला आणि तिथेच उभ्याने लिहायला घेतलं. अक्षरं मोठी आली. लिहून झाल्यावर तिने टेपचं रीळही उचललं आणि जिना उतरून गेली.

कँटीनच्या दारावर तिने कागद लावला.

*मी एव्हान्थिया वेलेन्झा. गणित, तिसरं वर्ष. गेल्या वर्षी मी अकरा आठवडे मनोरुग्णालयात होते. ही गोष्ट माझ्या परवानगीशिवाय त्रेसष्ट जणांनी वाचली. ज्यांनी वाचली, त्यांनी खाली सही करावी.*

खाली तीन रकान्यांत एक ते त्रेसष्ट आकडे.

दुपारची सुट्टी झाली होती. थंड कॉफीचे ग्लास हातात घेऊन मुलं थांबायला लागली. वाचून झालं की बोलणं बंद होत होतं. कालचे प्राध्यापक आले, चष्मा वर करून त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि फोन आल्यासारखं करून मागे वळले.

"सर, पेन आहे माझ्याकडे," एव्हान्थिया मोठ्याने म्हणाली. ते थांबले नाहीत.

तेवढ्यात स्तेरयिओस धापा टाकत खाली आला.

"काढ ते! आधी काढ! कोणाची वैयक्तिक माहिती अशी भिंतीवर लावता येत नाही."

"कोणाची?"

"तुझीच की!"

"माझी ना? मग तिचा वर्ग मी ठरवला. खुली."

त्याने कागदाकडे हात नेला. एव्हान्थिया दाराला पाठ लावून उभी राहिली. "हात लावून बघा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता.

गर्दीतून वाट काढत पोलिक्सेनीबाई पुढे आल्या. गळ्यातल्या साखळीचा चष्मा त्यांनी डोळ्यांवर चढवला आणि एव्हान्थियापुढे हात केला. तिने पेन दिला आणि ती जरा बाजूला सरकली. बाईंनी एक नंबरसमोर पूर्ण नाव लिहिलं, खाली सही केली.

"मी दोनदा उघडली," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा कामासाठी. दुसऱ्यांदा काही काम नव्हतं."

"मग कशाला उघडलीत?" एव्हान्थियाने विचारलं. तिचे डोळे भरले होते, पण चेहरा तसाच कठोर होता.

"साहेबांनी बोलावलं. म्हणाले, 'ये गं, बघ एकेकाचं काय काय निघतंय.' मी गेले, बघितलं आणि हसलेही."

"माफ नाही करणार मी तुम्हाला."

"नको करूस."

पोलिक्सेनीबाई वळल्या आणि पेन त्यांनी स्तेरयिओससमोर धरला.

"साहेब, तुमचा दुसरा नंबर."

स्तेरयिओसने आजूबाजूला पाहिलं. पेन घ्यायला त्याचा हात काही वर होईना. चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

"उरका हो लवकर," गर्दीतून कोणाचा तरी आवाज आला. "मागे सहीला रांग आहे."