हौसाचं मत

मतदान केंद्राच्या दारातच भिकाजीनानांच्या मनगटावरचा पट्टा थरथरला. मतदारसंघाची रेघ पुन्हा सरकली होती आणि त्यांचं घर पलीकडे गेलं होतं.

"नाना, तिसऱ्यांदा!" केंद्रावरची ताई हसली. "पट्टा मनातला कल वाचतो. सरकारला नको ते मत मनात आलं, की रेघ तुम्हाला बाहेर काढते. विसरलात, की परत आत घेते."

"आमची हौसा खोकून खोकून गेली, पोरी. जाताना दवाखाना बांधणाऱ्या बाईंनाच मत द्या म्हणाली."

"मग बटण दाबेपर्यंत काकूंना विसरा."

नाना पुन्हा रांगेत उभे राहिले. उसाचा, बैलांचा, जावयाच्या फटफटीचा विचार करत पुढे सरकले. बटण हातभर राहिलं, तेवढ्यात मागे कुणीतरी खोकलं.

पट्टा थरथरला.