तळघराचा पत्ता

सीरियातली राजवट कोसळली, तुरुंगांची दारं फुटली आणि अकरा वर्षांनी मुहन्नद होम्सला आपल्या घरी आला. मोर्चात घोषणा दिल्या, एवढाच त्याचा गुन्हा. आल्यापासून त्याच्या तोंडी एकच नाव होतं, निझारचं. पोलिसांपासून तळघरात लपलेल्या मुहन्नदला रोज डबा पोचवायचा तो हा जिवलग मित्र.

चौथ्या दिवशी सकाळी मुहन्नदने बूट चढवले. "आज त्याला भर चौकात उभा करतो. मी कुठे लपलोय, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?"

आई दारात आडवी आली. "निझारच्या अंगाला हात लावू नकोस."

"अजून त्याचीच बाजू घेतेस?"

"तो डबा भरून कोण देत होतं रे त्याला?"

मुहन्नदने दाराच्या कडीवरचा हात काढला.

"पोलिसांच्या साहेबाने कुराणावर हात ठेवला होता," ती म्हणाली. "जागा सांगा, दोन प्रश्न विचारतो आणि संध्याकाळपर्यंत पोराला घरी सोडतो, म्हणाला. मला खरंच वाटलं रे. मी तुझ्यासाठी खिम्याचे किब्बे तळून वाट बघत बसले होते."